लाँचीतून येणारा किराणा

शाळू पेरून झालेला असतो. कारखान्याची टोळी अजून आपल्या फडावर आलेली नसते. पोरांना दिवाळीची सुट्टी असते आणि पाहुणेरावळे येऊन गेलेले असतात. शेतकऱ्याच्या घराला वर्षात मोकळे असे दिवस मिळतात ते एवढेच. गुरांची धार भावकीतल्या कुणाच्या गळ्यात घालता आली, तर चार दिवस घराबाहेर पडायला हरकत नाही. अशा वेळी आपण जोतिबाला जातो, पंढरपूरला जातो, फार तर महाबळेश्वरला जाऊन एका दिवसात परत येतो. यंदा तुम्ही एक निराळा बेत करून पाहा. सातारा जिल्ह्यातच, कोयनेच्या पाण्याकाठी, तापोळ्याला किंवा बामणोलीला चार दिवस बिऱ्हाड मांडून राहा.

बिऱ्हाड हा शब्द मी मुद्दाम वापरला. सहल म्हटले की कुणाला डोंगर आठवतो, कुणाला बोट आठवते. पण ज्या बाईला पाच माणसांना दोन वेळा जेवू घालायचे असते, तिला आधी मिठाची आठवण होते. तेव्हा आजचे हे लिहिणे देखाव्यांचे नाही, पिशवीचे आहे. काय घरून न्यायचे, काय वाटेत घ्यायचे, काय तिथेच मिळते आणि ते तिथे कसे येऊन पोचते, ते सांगतो. यातली शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

सांगली-वाळव्याकडून निघालात तर कऱ्हाडवरून साताऱ्यात यायचे. साताऱ्याहून कासच्या पठारावरून जाणारा रस्ता बामणोलीला उतरतो. अंतर चाळीस किलोमीटरच्या आत आहे. तापोळ्याला मात्र साताऱ्याहून मेढा, केळघर करीत आधी महाबळेश्वरला चढायचे आणि पुन्हा पंचवीस-तीस किलोमीटर घाट उतरायचा. दोन्ही बाजूंना एस.टी. जाते. पण फेऱ्या मोजक्या असतात, म्हणून स्टँडवर वेळ विचारल्याशिवाय पिशव्या उचलू नका. कासची फुले दिवाळीपर्यंत संपलेली असतात. पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली हे पठार जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यामुळे फुलांच्या दिवसांत तिथे माणसांचीच दाटी होते. दिवाळीनंतर रस्ता मोकळा असतो.

खरी बाजारपेठ म्हणाल तर ती साताऱ्यालाच संपते, हे आधी लक्षात घ्या. तूरडाळ, तेल, साखर, चहा, काड्यापेटी, मेणबत्त्या आणि लहान मूल असेल तर त्याचे औषध, एवढे साताऱ्यातच पिशवीत पडले पाहिजे. मोती चौकात गेलात की कंदी पेढ्यांचा वास येणारच. ते जाताना घेऊ नका, परतताना घ्या, नाहीतर गाडी कासला पोचायच्या आत पुडा रिकामा होतो. घेवडा घ्यायचा असेल तर कोरेगावचा वाघ्या घेवडा मागा. पिवळसर दाण्यावर लाल रेघा असतात, शिजायला मऊ आणि चवीला थोडा गोड. त्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. एकदा आमटी करून पाहा म्हणजे मानांकनाचे कारण जिभेला कळेल.

आपल्या सांगलीकडच्या माणसाने हळद, तिखट, गूळ आणि शेंगदाण्याची चटणी विकत घेणे म्हणजे विहिरीवर राहून पाणी विकत आणण्यासारखे आहे. हळदीचा देशातला एक मोठा बाजार सांगलीला भरतो. हरिपूरला जमिनीखाली पेवे खणून त्यांत हळद साठवत असत. तीन-तीन, चार-चार वर्षे तिला कीड शिवत नसे. २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यांतली कितीतरी पेवे वाया गेली. घरची हळद डबीभर घ्या, तासगावकडचा बेदाणा मूठभर घ्या. बामणोलीच्या काठावर ज्या घरात उतराल, त्या घरच्या माऊलीच्या हातावर किलोभर गूळ ठेवलात, तर त्याचे मोल पैशांत होणार नाही. गूळ तिकडे पिकत नाही. तिकडे ऊसच नाही.

तिकडे काय पिकते, ते पाहू. भात, नाचणी आणि वरी. दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी-झोडणी चाललेली असते आणि नवा तांदूळ घरात येतो. म्हणून तांदूळ घरून नेऊ नका, तिथे घ्या. एक सूचना मात्र बायकांसाठी. नव्या तांदळाला पाणी कमी लागते. रोजच्या अंदाजाने पाणी घातलेत तर भाताचा गोळा होईल. नाचणीचे पीठ गरम पाण्यात मळावे, गार पाण्यात मळले तर भाकरी थापताना कडा फाटतात. शाळवाच्या भाकरीवर वाढलेली आपली पोरे पहिल्या दिवशी त्या काळसर भाकरीकडे तोंड वाकडे करून पाहतात. दिवसभर पाण्यावर आणि डोंगरात हुंदडून आली की तिसऱ्या दिवशी मागून खातात. तिकडची जुनी माणसे अजून पायलीची भाषा बोलतात. पायलीचे माप कायद्याने १९६० नंतर गेले, तोंडातून ते गेलेले नाही. बोलायला पायली गोड वाटते, पण घेताना किलोवर तोलून घ्या. दोघांनाही बरे.

भाजीचे तिकडे अवघड आहे. परसात काकडी, दुधी, घेवड्याचा वेल असतो तो घरापुरता. कांदे-बटाटे आणि लसूण साताऱ्याहून न्यावेत. टिकाऊ आहेत, घाटात दबत नाहीत. टोमॅटो नेलेत तर पिशवीत वरती ठेवा. पालेभाजी नेण्याच्या भानगडीत पडू नका. मासे खाणाऱ्यांनी सकाळी लवकर काठावर जावे. रात्री लावलेली जाळी उगवतीला निघतात आणि तासाभरात मासे संपतात. माळकऱ्यांनी हे वाक्य सोडून पुढे जावे.

पुढे म्हणजे कुठे? महाबळेश्वरला. कारण तापोळ्याच्या वाटेवर ते आहेच, आणि सुट्टीला आलेल्या माणसांसाठी किराणा-भाजी डोंगरावर चढवण्याचा उद्योग या भागात तिथेच पहिल्यांदा झाला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८-२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा घेतली. बदल्यात वाईजवळचे खंडाळा हे गाव दिले. साडेचार हजार फुटांवर साहेबांची बिऱ्हाडे आली, तसा बाजार वसवावा लागला. त्याला माल्कम पेठ नाव पडले. पण साहेबाला नाचणी चालेना, त्याला बटाटा आणि कोबी पाहिजे. त्याच सुमारास मलाक्का-सिंगापूरकडून आणलेले चिनी आणि मलायी कैदी इथल्या तुरुंगात ठेवले होते. १८३४ पासून १८६४ पर्यंत हा तुरुंग होता. या कैद्यांनी इथे विलायती भाज्यांचे मळे केले, बटाटा लावला आणि आसपासच्या लोकांना ते काम दाखवले. वेताच्या करंड्या विणायचे कसबही त्यांचेच. कुठला चीन, कुठला मलाक्का आणि कुठे आपला जावळीचा डोंगर! हातापायात बेड्या पडून आलेल्या माणसांनी इथल्या शेतकऱ्याला एक पीक देऊन जावे, ही गोष्ट मला त्या सगळ्या पॉइंटांपेक्षा मोठी वाटते. आज महाबळेश्वरची ओळख स्ट्रॉबेरी झाली आहे, तिला २०१० साली मानांकनही मिळाले. दिवाळीच्या सुट्टीत ती नुकती कुठे सुरू होत असते किंवा व्हायची असते, तेव्हा पोरांना आधीच कबूल करून बसू नका. गाजर आणि मुळा मात्र हाताशी असतो.

वाटेवर गाजराच्या जुड्या घेऊन बाया बसलेल्या असतात. त्यांच्याशी दरावरून घासाघीस करू नका, असे मी तुम्हाला सांगणार आहे, आणि तुम्हाला ते पटेल असा भरवसा आहे. मार्केट यार्डात आपला माल पाहून व्यापारी नाक मुरडतो तेव्हा आपल्या पोटात काय होते, ते आपल्याला ठाऊक आहे. मुंबई-पुण्याच्या पाहुण्याला ते ठाऊक नसते, त्याचा दोष धरू नये. आपल्याला माफी नाही.

मधाविषयी दोन शब्द. या डोंगरात सातेरी माशीच्या पेट्या ठेवण्याचा धंदा जुना आहे. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे गाव २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. जांभळाचा, हिरड्याचा, गेळ्याचा मध निरनिराळ्या रंगाचा आणि चवीचा असतो. सात-आठ वर्षांनी एकदा कारवी फुलते, त्या साली कारवीचा मध मिळतो. मध थंडीत गोठला, खाली साखरेसारखे कण बसले, म्हणजे भेसळ झाली असे नव्हे. चांगला मधही गोठतो. बाटली कोमट पाण्यात ठेवावी, उकळू नये. कागदावर थेंब टाकून, काडी पेटवून खरा-खोटा मध ओळखण्याच्या ज्या युक्त्या सांगतात, त्यांवर विसंबू नका. त्यापेक्षा मध उत्पादकांच्या सहकारी सोसायटीकडून किंवा खादी-ग्रामोद्योगाच्या दुकानातून घ्या. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. आजीचा कितीही आग्रह असला तरी नाही. त्या वयात तो अपाय करू शकतो.

आता घाट उतरून पाण्यावर या.

तापोळ्याच्या काठावर उभे राहिलात की समोर पाणी, पाण्यापलीकडे डोंगर आणि डोंगराच्या पायथ्याला चार-दोन कौले दिसतात. कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्यांची खोरी इथे एका पाण्यात बुडाली आहेत. हे पाणी म्हणजे कोयना धरणाचा फुगवटा, शिवसागर. खाली पाटण तालुक्यात धरणाची भिंत १०३ मीटर उंच उभी राहिली, १९६० नंतरच्या दोन-चार वर्षांत पाणी चढत गेले आणि सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचा तलाव झाला. आज त्यात सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी मावते. ते पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला पोफळीकडे उतरते, वीज करते आणि वाशिष्ठीला मिळते. या विजेवर मुंबईचे दिवे आणि गिरण्या चालल्या, पाण्याकाठच्या कित्येक वाड्यांत मात्र बराच काळ कंदीलच होता. शंभराच्या आसपास गावे उठली. कुणी रायगड-ठाण्याकडे गेले, कुणी रत्नागिरीत, कुणी सोलापूर जिल्ह्यात, काही आपल्या सांगली जिल्ह्यातही आले. तुमच्या शेजारच्या गावात कोयनेची वसाहत असेल, तर त्यातल्या म्हाताऱ्यांचे जन्मगाव या पाण्याखाली आहे.

जे उठले नाहीत, ते वर सरकले. नदीकाठची भाताची खाचरे गेली, बाजाराच्या पायवाटा गेल्या, बैलगाडीचे रस्ते गेले. काल ज्या गावाला चालत तासाभरात जाता येत होते, ते पाण्यापलीकडे गेले. समुद्र नाही तरी माणसे बेटावर राहायला लागली. तेव्हापासून पलीकडच्या गावांचा किराणा लाँचीने येतो.

जिल्हा परिषदेच्या लाँची आहेत, बोट क्लबांच्या आहेत, मोटारी पलीकडे न्यायला तराफा आहे. तुम्ही सहलीची लाँच घ्याल ती निराळी, भाडे ठरवून. पण एकदा तरी गावकऱ्यांच्या लाँचीत बसा. बाजार करून परतणाऱ्या माणसांची ती लाँच असते. फळीवर तेलाचे डबे, साखरेचे पोते, कोंबड्यांची पाटी, सिमेंटच्या दोन गोण्या, नवी घमेली, एखाद्या पोराची सायकल आणि कडेला औषधाची पिशवी मांडीवर धरून बसलेला म्हातारा. प्रत्येक वाडीच्या धक्क्याला लाँच थांबते. धक्का म्हणजे काय, दगड रचलेली जागा. पावसाळ्यानंतर पाणी वर असते, तेव्हा घर जवळ. उन्हाळ्यात पाणी खाली जाते, तेव्हा तेच पोते चिखलातून आणि चढणीवरून डोक्यावर न्यावे लागते. म्हणून मी तुम्हाला मे महिन्यात जा म्हणत नाही.

अशाच एका फेरीत एक बाई पन्नास किलोचे तांदळाचे पोते घेऊन उतरत होती. ते पोते रेशनचे होते. भाताच्या मुलखात रेशनचा तांदूळ कसा, असे तुम्ही विचाराल. खाचर पाण्यात गेले आणि वरच्या वरकस जमिनीत घरचे जे पिकते ते चार-सहा महिने पुरते. लाँचवाल्याने आणि मी मिळून पोते खाली उतरवले. तिने पोते दोन पिशव्यांत आणि एका चुंगडीत वाटून घेतले, म्हणजे तीन फेऱ्यांत वर नेता येईल. घरी कोण, असे विचारले तर म्हणाली, "सासू हाय आणि मी. मालक वाशीला असत्यात, दाणाबाजारात. गोण्याच उचलत्यात तिथं."

तिचे बोलणे साधेच होते. तक्रारीचा सूर त्यात नव्हता. पण यातली गोम नीट ध्यानात घ्या. मुंबईला मशीद बंदराजवळच्या दाणा बंदरात आणि पुढे नव्या मुंबईत वाशीच्या घाऊक बाजारात धान्याच्या, साखरेच्या, मसाल्याच्या गोण्या ज्यांच्या माथ्यावरून जातात, ते माथाडी कामगार मोठ्या संख्येने याच जावळी-पाटणच्या डोंगरातले. त्यांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला. पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसाला मंडळामार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, भरपाई मिळू लागली. ज्याला काल हमाल म्हणून हाक मारीत, त्याच्या कामाला कायद्यात नाव आले. मुंबईच्या लाखो घरांतले पिठाचे डबे या माणसांच्या मानेवरून भरले गेले आहेत. आणि त्यांच्या स्वतःच्या घरी पोते धक्क्यावर येऊन पडते तेव्हा ते उचलायला घरात पुरुष नसतो. राज्याचे मुख्यमंत्री झालेले एकनाथ शिंदे यांचे दरे हे गावही याच पाण्याकाठी आहे. त्यांच्या घराने पोटासाठी ठाणे गाठले. इथल्या बहुतेक घरांची गोष्ट तीच.

आता गावातले दुकान. एक खोली, फळ्यांचे दार, आत काचेच्या बरण्या, छताला टांगलेल्या चिवड्याच्या आणि शांपूच्या माळा, कोपऱ्यात मिठाचे पोते. दुकानदार शेतीही करतो, लाँचीची वेळही सांगतो, कुणाचा निरोपही ठेवतो. त्याचा हिशेब मी विचारून घेतला. साताऱ्याच्या किंवा महाबळेश्वरच्या व्यापाऱ्याकडून माल उचलायचा, जीपचे भाडे द्यायचे, मग लाँचीचे, मग चढणीच्या हमालीचे. वाटेत पाऊस लागला तर साखरेचे पाणी. साबणावर, बिस्किटावर किंमत छापलेली असते, तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही. म्हणजे चार ठिकाणचे भाडे त्याच्याच नफ्यातून जाते. सुट्या मालावर तेवढा तो दोन पैसे वर लावतो. तुम्ही साताऱ्याचा भाव मनात धरून "इथं महाग दिसतंय" म्हणालात, तर तो काही बोलत नाही, नुसता पाण्याकडे बघतो. म्हणून माझे सांगणे असे, की सगळेच साताऱ्याहून भरून नेऊ नका. मीठ, चहा, साबण, पोहे, बिस्किटे असला माल त्याच्याकडून घ्या. पर्यटक आपला माल शहरातून भरून आणतात, इथले फक्त पाणी आणि हवा घेतात, आणि जाताना पिशव्या टाकून जातात. मग दुकान चालावे कशावर? ते बंद पडले तर एका मेणबत्तीसाठी पलीकडच्या बाईला लाँच धरावी लागेल.

पावसाळ्याचे चार महिने आणखी निराळे. महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आपल्या जत-आटपाडीच्या दहापट. वारा सुटला की लाँच काठाला बांधून ठेवतात. म्हणून मृगाच्या आत तेल, मीठ, मिरची, डाळ, गोडेतेलाच्या जोडीला थोडे रॉकेल, सुक्या मासळीची वाटी अशी बेगमी घराघरात होते. कांदाटी खोऱ्यातल्या टोकाच्या गावांना तर सातारा परका आणि कोकण जवळचे. शिंदी, वळवण ही गावे सातारा जिल्ह्यातली, पण रघुवीर घाटाने खेडच्या बाजारात जाणे त्यांना सोपे पडते. सातबारा एका जिल्ह्यात आणि मिठाचा पुडा दुसऱ्या जिल्ह्यात!

जगात दुसरीकडेही असे आहे का? आहे. ग्रीस देशाच्या समुद्रात हजारो बेटे आहेत, त्यांतल्या दोनशेंवर बेटांत वस्ती आहे. उन्हाळ्यात तिथे दूरदूरचे लोक सुट्टीला जातात, खोली भाड्याने घेतात आणि खोलीतच शिजवतात. लहान बेटावर एखादे किराणा दुकान असते. त्याला ते लोक पंतोपोलिओ म्हणतात, म्हणजे सगळे काही विकणारे. पाव बेटावरच्या भट्टीतला, ऑलिव्ह आणि चीज जवळपासचे, बाकी पीठ-साखरेपासून सारे पिरेअस बंदरातून बोटीने येते. उन्हाळ्यात मेलतेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. तो फार झाला की बोटी बंद, आणि दुकानाच्या फळ्या रिकाम्या होऊ लागतात. पाहुण्यांना मग कळते, की आपण बेटावर आहोत. कित्येक बेटांवर प्यायच्या पाण्याचीही टंचाई असते, ते बाटल्यांतून किंवा जहाजातून आणावे लागते. आपल्या तापोळेकरांना पाण्याची ददात नाही, बाकी गोष्ट तीच. फरक एवढा, की त्यांच्या बेटांना निसर्गाने बेट केले, यांना आपण केले.

आता पुन्हा चुलीकडे येतो. सहलीला जाऊन घरच्या बाईने तिथेही तीन दगडांच्या चुलीपुढे बसायचे असेल, तर तिच्या दृष्टीने ती सहल कसली? नुसती चूल बदलली. यासाठी आपल्याकडे जुनी रीत आहे, ती इथे चांगली लागू पडते. शिधा द्या. तांदूळ, डाळ, तेल, गूळ असा कोरडा शिधा ज्या घरी उतरला आहात त्या घरी सकाळी मोजून द्यावा आणि वर शिजवण्याचे पैसे ठरवून द्यावेत. पैसे आधी ठरवा, मागाहून "घ्या हो, ठेवा" असे नको. बामणोली आणि तापोळ्याला आता बरीच घरे अशी जेवणाची सोय करतात. नाचणीची भाकरी, वाघ्या घेवड्याची आमटी, नव्या तांदळाचा भात, आपल्याच चटणीची गोळी. आपली कारभारीण त्या घरच्या बाईशेजारी बसून गप्पा मारील, भाकरीची रीत विचारील, आणि चार दिवस तिला कुणी हाक मारणार नाही. पिशव्या घेऊन बाजाराला घरधन्याने जावे. त्याला मीठ कुठल्या डब्यात असते हेही यानिमित्ताने समजेल.

वासोट्याला जाणार असाल तर त्या दिवसाचे सगळे आदल्या रात्री बांधा. बामणोलीहून लाँचीने दीड तास आणि मग दाट जंगलाची चढण. हे सारे कोयना अभयारण्यात आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येते, त्यामुळे वनखात्याची परवानगी काढावी लागते आणि संध्याकाळच्या आत परतावे लागते. पलीकडे दुकान नाही, टपरी नाही. भाकरी, ठेचा, उकडलेले बटाटे, कांदा, गुळाचा खडा आणि माणशी दोन लिटर पाणी. प्लास्टिकची पिशवी नेलीत तर मोजून परत आणा. फडक्यात बांधलेली भाकरी अधिक मऊ राहते हे तुम्हाला मी सांगायला नको.

पाण्यावर पूल बांधायला घेतले आहेत. पूल झाले की जीप दारात जाईल, पोते डोक्यावरून उतरेल आणि त्या बाईच्या तीन फेऱ्या वाचतील. ते झालेच पाहिजे. लाँचीची मजा जाईल म्हणून हळहळणारे पाहुणे असतील, त्यांनी एकदा ते पोते उचलून वर न्यावे.

परतायच्या दिवशी पहिल्या लाँचीची वेळ आदल्या रात्री दुकानातच विचारून ठेवा, कारण ती वाऱ्यावर आणि डिझेलवर असते. नाचणी घ्यायची तर घरच्या ओळखीने दहा किलो घ्या, वर्षभर टिकते, लहान लेकराच्या सत्त्वाला उपयोगी पडते. रिकामी काचेची बरणी जाताना बरोबर नेली असेल तर मध तिच्यात घालून मिळेल. आणि दुकानदाराने साताऱ्यात कुणाला द्यायची म्हणून एखादी चिठ्ठी हातात दिली, तर ती खिशात ठेवून तशीच घरी आणू नका. साताऱ्यात उतरल्यावर आधी चिठ्ठी पोचवा, पेढे मग घ्या.